अण्णा काय म्हणाला

भवानी पेठेतल्या आमच्या घरात जिन्याच्या वर एक भाषा होती आणि खाली दुसरी. वर आम्ही राहायचो, एक खोली आणि पत्र्याचं स्वयंपाकघर. खाली कारखाना. कारखाना म्हटलं की बाहेरच्या माणसाला धुराडं आठवतं, पण आमच्याकडे चार माग बसतील एवढ्या खोलीलाही कारखानाच म्हणतात. माग मालकाचे, विणणारे आम्ही. टॉवेल निघायचे. सकाळी माग सुरू झाले की फडताळातली भांडी आणि हंड्यावरचं झाकण थरथरत राहायचं, आणि खाली उभ्या माणसाला शेजारच्याचं ओरडणंसुद्धा ऐकू यायचं नाही. म्हणून खाली कुणी ओरडतच नसे. नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही, जोडीला बोटं आणि भुवया. धागा तुटला, कांड्या संपल्या, चहा आला, मालक आला, मालक गेला, मालकाच्या नावानं एक शिवी, सगळं तसंच. माझे वडील, म्हणजे बापू, माझा थोरला भाऊ नरेश, ज्याला मी अण्णा म्हणायचे, तिसऱ्या मागावरचे मल्लण्णामामा आणि कोपऱ्यात बसून कांड्यांवर सूत भरणाऱ्या शबानाखाला, ही चार माणसं दिवसभर एकमेकांशी भरभरून बोलत. दारातून बघणाऱ्याला वाटायचं, यांचं भांडण झालंय.

आमच्या पेठेत हे सगळ्यांनाच येतं. आठवड्यातून एकदा दिवसभर लाईट जायची, तेव्हा गल्लीतले सगळे माग एकदम थांबायचे. त्या शांततेतही पहिली काही मिनिटं माणसं सवयीनं नुसते ओठ हलवत राहायची. मग कुणाच्या तरी लक्षात यायचं आणि हसू फुटायचं. अम्मा लग्नानंतर बरीच वर्षं खाली कांड्या भरत होती, दम लागायला लागला म्हणून वर आली आणि दारात सूप घेऊन विड्या वळायला लागली. पण तीही टोकाच्या घरातल्या बाईशी गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला तसंच बोलायची. म्हणजे घरात ही भाषा न येणारी मी एकटीच.

मला ती मुद्दाम शिकू दिली नव्हती. चौथीत बाईंनी बापूंना बोलावून सांगितलं होतं की पोरगी हुशार आहे, हिला शिकवा. त्या दिवसापासून मला जिना उतरून कारखान्यात जायची बंदी झाली. डबा द्यायचा तर शेवटच्या पायरीवर ठेवायचा. "तिथं कापूस छातीत जातो," अम्मा म्हणायची. आम्ही घरात तेलुगू बोलतो, इथे मी ते मराठीत लिहितेय. "एकदा हात मागाला लागला की सुटत नाही," हे बापूंचं. मला तेव्हा त्यात प्रेमच दिसायचं आणि ते होतंही. पण ताटावर बसलं की अण्णा आणि बापू एकमेकांकडे बघून ओठांनी काहीतरी बोलायचे, अम्माला हसू यायचं, आणि मी विचारलं की सगळे म्हणायचे, काही नाही, तू जेव. अंबाडीची भाजी, आम्ही तिला पुंटीकूर म्हणतो, तिच्यात अम्मा लसूण तळून वरून घालायची. तो वास आला की अजूनही मला आधी त्या तिघांचे हलणारे ओठच दिसतात.

अण्णा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो दहावीनंतर मागावर उभा राहिला. आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं होतं, पाहुणे आले की अम्मा ते म्हणायचीच: "नरेशला शाळा नकोच होती हो, आणि चिन्नीला शाळेशिवाय काही नको." चिन्नी म्हणजे धाकटी, म्हणजे मी. हे वाक्य म्हटलं जात असताना अण्णाही हसायचा. मी ते कधी तपासून पाहिलं नाही. घरातली वाक्यं कोण तपासतं?

मी बारावी होऊन कॉलेजात गेले, आमच्या सगळ्या नात्यागोत्यात पहिलीच. त्या आठवड्यात अण्णा मला नवी पेठेत घेऊन गेला. मला वाटलं ड्रेसचं कापड घ्यायचंय. तो कपड्यांची दुकानं सोडून एका अरुंद दुकानात शिरला आणि काचेखालच्या वस्तूकडे बोट दाखवून म्हणाला, "ते काळं दाखवा." काडेपेटीहून थोडं मोठं, पुढे पडदा, मागे बारीक कॅमेरा. गाणी वाजायची, सिनेमे दिसायचे, आणि शूटिंगही व्हायचं, अर्थात धुरकट आणि अडखळत. तेव्हा घरात फोन एकच होता, बापूंचा, बटणांचा. आज माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं तर ते सहानुभूतीनं बघतात, जणू मी जात्यावरच्या दळणाचं सांगतेय. पण त्या दिवशी रिक्षात ते यंत्र हातात धरून बसताना मला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं होतं.

"अण्णा, एवढं कशाला?"

"कॉलेजच्या पोरी कानात वायर घालूनच चालतात. तू काय तशीच जाणार?"

"तुला कसं माहीत कॉलेजच्या पोरी कशा चालतात?"

"बघतो की. डोळे हायत मला," असं तो मराठीत म्हणाला, रिक्षावाल्यालाही कळावं म्हणून, आणि रिक्षावाला हसला.

त्यात त्यानं दुकानातूनच गाणी भरून आणली होती. माझ्यासाठी हिंदी, स्वतःसाठी तेलुगू सिनेमातली, आणि अम्मा चिडू नये म्हणून थोडी भजनं. प्लेअर माझा, पण दुपारी मी घरी आले की तो मागायचा. खाली मागाजवळ कानात घालून उभा राहायचा. "आवाज येतो का तुला त्या गोंधळात?" मी विचारलं होतं. "गाणं पाठ असलं की येतो," तो म्हणाला. प्लेअर परत यायचा तेव्हा वायरीच्या छिद्रात कापसाचे तंतू अडकलेले असायचे. मी ते पिनेनं काढायचे आणि त्याच्यावर चिडायचे.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी अण्णाला कावीळ झाली. त्यानं ती अंगावर काढली, अम्मानं गावठी औषध दिलं, मल्लण्णामामांनी अक्कलकोटकडच्या कुणाकडून मुळी आणली, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. एवढंच लिहिते. त्या दिवसांतलं मला बाकी फारसं आठवत नाही. खालचे माग बंद होते आणि भांडी थरथरत नव्हती, हे मात्र आठवतं.

दिवसकार्य झाल्यावर माग पुन्हा सुरू झाले, अण्णाच्या मागावर बापू आणि मामा आळीपाळीनं लक्ष ठेवू लागले. मी प्लेअर उघडला तो गाणं ऐकायला नाही, त्याची गाणी पुसून टाकावीत की ठेवावीत हे ठरवायला. व्हिडिओच्या जागेत मी कधी न पाहिलेलं एक शूटिंग होतं. उघडलं तर अण्णा. प्लेअर कशाला तरी टेकवून ठेवलेला, मागे माग चाललेला, त्याच्या केसांवर कापूस. तो कॅमेऱ्याकडे बघतो, पहिल्यांदा "चिन्नी" म्हणतो आणि मग बोलत राहतो. चिन्नी एवढं मला ओठांवरून कळलं, ते नाव मी लहानपणापासून त्याच्या तोंडावर पाहत आले होते. पुढचं काहीच नाही. हेडफोन लावला तर खडखडाट, आवाज पूर्ण वाढवला तर मोठा खडखडाट. त्यानं आवाज काढलाच नव्हता. खालच्या भाषेत बोलला होता. मधे तो एकदा हसतो, एकदा गंभीर होतो, मग काहीतरी होतं, तो वळतो आणि चित्र थांबतं.

मी ते किती वेळा पाहिलं याला सुमार नाही. कॉलेजच्या जिन्यात, बसस्टॉपवर, इतिहासाच्या तासाला वहीखाली धरून. प्लेअर बंद असला तरी कानात खडखडाट यायचा आणि त्या खडखडाटाच्या पलीकडे कुणीतरी माझ्याशी बोलत असायचं. मैत्रीण बोलत असताना मला तिचे शब्द ऐकू यायचे नाहीत, फक्त ओठ दिसायचे. मला भीती वाटायला लागली. मेलेला माणूस स्वप्नात येतो, ते चालतं, तो जातोही. हा जात नव्हता. बटण दाबलं की पुन्हा "चिन्नी" म्हणून सुरुवात करायचा, आणि मला पुन्हा कळायचं नाही. मी जणू त्याला रोज दारातून परत पाठवत होते.

शेवटी मी अम्मासमोर बसले. तिनं तंबाखूचे हात पदराला पुसले, प्लेअर डोळ्यांजवळ धरला. अण्णा बोलू लागला तसे अम्माचेही ओठ हलू लागले, आपोआप, लहान मुलाला भरवताना आईचं तोंड उघडतं तसे. मग ते एकदम मिटले. ती शेवटपर्यंत बघत राहिली.

"काय म्हणतोय?"

"जेवलीस का म्हणतोय."

"एवढा वेळ?"

"त्याला बोलायला वेळ लागायचाच," म्हणून ती पुन्हा पानं कापायला लागली, आणि कात्री पानाच्या बाहेरच चालत राहिली.

मी मल्लण्णामामांना गाठलं, ते चहाला बाहेर आले होते तेव्हा. मामा अक्कलकोटकडचे, घरात कानडी बोलणारे, आमच्याशी मराठी. त्यांनी पाहिलं, बशीतला चहा तसाच धरून. "आगं, आब्यास कर म्हनतोय की. लई शिक म्हनतोय. दुसरं काय म्हननार त्यो?" आणि बशी न पिताच खाली ठेवली. शबानाखालांनी तर नीट पाहिलंच नाही. "अगे, कुछ नै बोल रा. बस, हंस रा. मशीन के सामने खड़े रैके आदमी ऐसाच करता," असं म्हणून त्यांनी ओढणीनं माझंच तोंड पुसलं, जणू मी रडत होते. मी रडत नव्हते.

बापूंना विचारायचं धाडस झालं नाही. पण एक दिवस कॉलेजला जाताना मी प्लेअर घरी विसरले. आल्यावर तो जागेवर होता, पण बॅटरी संपलेली, आणि वायरीच्या छिद्रात कापूस. बापू जेवताना माझ्याकडे बघत नव्हते.

त्याच ओठांवरून तिघांनी तीन गोष्टी वाचल्या होत्या. मी अम्माला तसं म्हटलं तर ती कधी नव्हे ती ओरडली, "तुला शिकवलं ते हे उकरायला? गेला तो. नीट गेला असं समज आणि गप बस!" त्या ओरडण्यानं माझी खात्री पटली. अण्णा माझ्याशी काहीतरी बोलून गेला होता, ते घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्या मुलीला उद्देशून तो बोलला तिलाच ते कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं. कदाचित ठरवावंही लागलं नसेल. माझ्या देखत, ओठांनीच, एका नजरेत झालं असेल.

परीक्षा झाल्यावर मी जिना उतरले. शेवटच्या पायरीच्या खाली. बापूंनी वर जा अशी खूण केली, मग मोठी खूण केली, मग हातातली कांडी आपटली. मी शबानाखालांच्या शेजारी जाऊन बसले. खालांनी बापूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सरकून जागा दिली. सुट्टीभर आणि मग कॉलेज सुरू झाल्यावरही दुपारी मी तिथे कांड्या भरल्या. बापू पहिले काही दिवस माझ्याशी वरही बोलले नाहीत.

खालाच शिकवायच्या, चहाला बाहेर आलो की. "होटांच कू मत देख. गाल देख, गला देख. आदमी पूरा मुं से बोलता." आधी एकेक शब्द सुटा झाला, मग शब्दाच्या आगेमागे काय असणार ते कळायला लागलं. मला पूर्ण कळलेलं पहिलं वाक्य मल्लण्णामामांचं होतं. मालक दारात उभा राहून टॉवेल तपासत होता आणि मामा त्याच्या पाठीमागून म्हणाले की याच्या पोटाला एवढं कापड लागतं म्हणूनच आपल्याला पुरत नाही. मला हसू फुटलं. मामा दचकले. खालांनी टाळी वाजवली: "समजने लगी गे! अब क्या करते मल्लण्णा? दस साल से इसके नाक पे बोल रे हम!" मी माझ्या नाकाबद्दल काय बोललं जायचं ते विचारलं, पण ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

या काळात मी अण्णाचं शूटिंग पाहिलं नाही. इच्छा व्हायची, पण अर्धवट कळलेलं जास्त छळेल असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर, कळेल याचीही भीती वाटू लागली होती. मी कांड्या भरताना समोरच्या मागाकडे बघायचे, अण्णाच्या, आणि तिथे उभं राहून कुणी माझ्याशी बोलतंय का हे बघून मगच मान खाली घालायचे.

बापूंनी हे सगळं पाहिलं असणार. मालकाच्या पोटावर मी हसले ते तर पाहिलंच. त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, मामा आणि खाला चहाला बाहेर गेलेले असताना, ते दोन मागांच्या मधल्या जागेत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चारही माग चालू होते. त्यांनी गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं, चांगलं स्वच्छ, फोटो काढायचा असल्यासारखं. आणि बोलायला लागले. हळू, तुकडे तुकडे करून, प्रत्येक तुकड्यानंतर मला कळलं का ते बघत.

"नरेश म्हणतो. चिन्नी. तुला हे कळणार नाही. म्हणूनच सांगतो."

मी मान हलवली.

"बापूंनी मला शाळेतून काढलं. मी काही बोललो नाही. मला गुण चांगले होते. तुझ्यापेक्षा चांगले."

मी मान हलवली.

"मलाही कॉलेजला जायचं होतं. सकाळी तू डबा घेऊन निघतेस. मला बघवत नाही. मी खाली मान घालतो."

बापू थांबले. मला वाटलं संपलं. त्यांनी पुन्हा टॉवेलनं तोंड पुसलं.

"पण तुझ्यावर माझा राग नाही. तू जा."

मग ते वळले आणि अण्णाच्या मागावर संपत आलेली कांडी बदलायला लागले. आज विचार करते तेव्हा वाटतं, बापू हे वर, शांत खोलीत, आवाज काढून कधीच बोलू शकले नसते. स्वतःवरचा आरोप स्वतःच्या तोंडानं वाचून दाखवायला त्यांना चार मागांचा आडोसा लागला.

मी तशीच वर गेले. अम्मा दारात होती, तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सूप बाजूला सरकवून मला वाट दिली. स्वयंपाकघरात पत्रा तापलेला होता. मी प्लेअर सुरू केला. हेडफोन लावला नाही.

चिन्नी. तुला हे कळणार नाही. म्हणूनच सांगतो. सगळं जसंच्या तसं होतं. बापूंनी एक शब्द गाळला नव्हता, स्वतःचं नावसुद्धा नाही. "तुझ्यापेक्षा चांगले" म्हणताना अण्णा हसतो, मला चिडवायचा तसा. घरातलं ते ठरलेलं वाक्य, नरेशला शाळा नकोच होती, ते म्हटलं जात असताना तो असाच हसायचा हे मला तेव्हा दिसलं. मग तो गंभीर होतो. सकाळी तू डबा घेऊन निघतेस. मला बघवत नाही. मी खाली मान घालतो. आणि एवढं म्हणून त्यानं खरोखरच मान खाली घातली, मागावर धागा तुटला असावा, तो वळला, त्याची पाठ दिसली, चित्र थांबलं.

मी पुन्हा पाहिलं. मान खाली, पाठ, संपलं. मागे नेऊन हळूहळू पाहिलं. वळताना त्याचा गाल दिसतो, एवढंच. गाल हलत नाही. पुढचं वाक्य तिथे नव्हतं.

मी प्लेअर बंद केला. राग नाही असं अण्णा म्हणाला नव्हता. कदाचित होता. कदाचित धागा तुटला नसता तर म्हणाला असता. हे मला आता कुणीच सांगू शकणार नाही, आणि मी चाळिशीकडे आले तरी एखाद्या सकाळी घरातून निघताना, डबा पिशवीत ठेवताना, कुणीतरी मान खाली घालतंय असं वाटून माझा हात थांबतो. ते वाटणं गेलेलं नाही. जावं असंही मी आता म्हणत नाही.

मी खाली आले. मामा आणि खाला परतले होते, आपापल्या कामात होते. बापू अण्णाच्या मागाशी उभे होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ओठांनी विचारलं, "पाहिलंस?"

"पाहिलं," मी तसंच म्हणाले. त्या भाषेत मी बापूंशी पहिल्यांदाच बोलत होते.

"सगळं कळलं?"

"कळलं."

ते थांबले होते. त्यांना पुढे विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. मी पलीकडे मामांकडे पाहिलं, ज्यांनी चहा न पिता बशी खाली ठेवली होती; खालांकडे पाहिलं, ज्यांनी माझं कोरडं तोंड पुसलं होतं. मग बापूंसमोर, त्यांना नीट दिसेल अशी उभी राहिले.

"शेवटी म्हणाला तो. राग नाही म्हणाला. तू जा म्हणाला."

ज्या माणसानं ते शूटिंग बॅटरी संपेपर्यंत पाहिलं होतं, तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी नजर हटवली नाही.

"बरं झालं," बापू म्हणाले. ते त्यांनी आवाज काढून म्हटलं की नुसत्या ओठांनी, मला सांगता येणार नाही. माग चालू होते.